वाद्य घ्यावं वाजवून

 

उन्हाळा तोंडावर आला की आपल्या बाजारात कुंभाराच्या पुढ्यात माठांची उतरंड लागते. माठ घ्यायला आलेली कारभारीण काय करते, ते तुम्ही पाहिलंच असेल. आधी रंग बघत नाही, आकार बघत नाही. माठ उचलते, कानाशी नेते आणि बोटाच्या पेरानं टकटक वाजवून बघते. खणखणीत बोलला तर पसंत, भद्द बोलला तर बाजूला. भावाची गोष्ट त्यानंतर. माठ वीस रुपयांनी स्वस्त मिळाला आणि घरी आल्यावर पाझरला, तर तो स्वस्त पडला असं कुणी म्हणत नाही.

आज मला बोलायचं आहे ते विजेवर वाजणाऱ्या ड्रमविषयी. तुम्ही म्हणाल, माठाचा आणि ड्रमचा काय संबंध? संबंध असा, की माठ घेताना जी अक्कल आपण वापरतो, ती चाळीस-पन्नास हजारांचं वाद्य घेताना घरी ठेवून जातो. मी स्वतः तशी ठेवून गेलो होतो. तीच हकिगत आधी सांगतो.

आमची शाळा माढा तालुक्यातली, लहान गावातली. स्नेहसंमेलनाला दर वर्षी बाहेरून वादक बोलवावे लागत. पोरं म्हणू लागली, ‘गुरुजी, आपलाच ड्रम घेऊ.’ पालकांनी मनावर घेतलं. कुणी पाचशे दिले, कुणी पन्नास. डाळिंबाला बरा भाव मिळालेल्या एकानं दोन हजार दिले. मिळून तीस हजार रुपये जमले. मी एके रात्री मोबाइल उघडला. पडद्यावर झकास चित्र. काळ्या तबकड्या, चकचकीत दांड्या, आणि खाली लाल अक्षरात लिहिलेलं, ‘सवलत आज रात्री बारापर्यंत.’ साडेअकरा वाजले होते. अठ्ठावीस हजार पाचशे रुपये भरून मोकळा झालो आणि मोठा डाव जिंकल्यासारखा झोपलो.

आठ दिवसांनी खोका आला. पोरांनी तो फोडला, चित्र बघून सगळा संच जोडला. सातवीतल्या एका पोरानं ऐटीत कांडी उचलली आणि मारली. आवाज आला तो ‘टप’. लाकडी पाटावर लाटणं आपटावं तसा. पुन्हा मारली, पुन्हा ‘टप’. सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघतोय. मग कळलं, की या वाद्याला स्वतःचा गळाच नाही. त्याला स्पीकर लागतो किंवा कानाला लावायचा हेडफोन लागतो. खोक्यात दोन्ही नव्हते. बसायचं स्टूल नव्हतं. पायानं वाजवायच्या ड्रमचं पेडलसुद्धा नव्हतं. हे सगळं त्या चित्राखाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं म्हणे. मी वाचलं नव्हतं.

मग एकेक वस्तू घेत गेलो. स्पीकर नऊ हजारांचा, पेडल बावीसशेचं, स्टूल अठराशेचं, हेडफोन पंधराशेचा, तारा आणि विजेचा बोर्ड सातशेचा. हिशेब झाला त्रेचाळीस हजार सातशे रुपये. जमलेल्या पैशांच्या वर तेरा हजार सातशे. पालकसभेत हिशेब वाचून दाखवला, तेव्हा मागच्या बाकावरून एक आबा उठले आणि म्हणाले, ‘गुर्जी, स्वस्तात मिळाला म्हनत हुता न्हवं? मग समदं मिळून पडला कितीला?’

मंडळी, आबांचा तो प्रश्न मी अजून विसरलो नाही. ‘किंमत किती’ हा प्रश्न दुकानदाराचा. ‘पडला कितीला’ हा प्रश्न घेणाऱ्याचा. या दोहोंत जे अंतर आहे, त्यातच आपण फसतो.

आता हे वाद्य आहे तरी काय, ते थोडक्यात समजून घेऊ. विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींना हे वर्गातही सांगता येईल. १८८० साली फ्रान्समध्ये प्येर आणि झाक क्युरी या दोघा भावांनी दाखवून दिलं, की काही स्फटिकांवर दाब दिला तर त्यांत वीज उत्पन्न होते. तुमच्या स्वयंपाकघरात खटक्याचा गॅस लायटर असतो ना, त्याचं मर्म हेच. खटका दाबला की आत एक लहानगी हातोडी खड्यावर आपटते आणि ठिणगी पडते. विजेच्या ड्रमच्या तबकडीखाली, म्हणजे पॅडखाली, अशाच गुणाची एक पातळ चकती बसवलेली असते. कांडी पडली की चकती हादरते आणि विजेचा लहानसा झटका तारेतून निघतो. हळू मारलं तर लहान झटका, जोरात मारलं तर मोठा. तो जातो एका पेटीत. वादक मंडळी तिला मॉड्यूल म्हणतात, आपण मेंदू म्हणू. या मेंदूत आवाज साठवून ठेवलेले असतात. कोणत्या तबकडीवर किती जोरात पडली, हे ओळखून तो आवाज बाहेर सोडतो.

म्हणजे आपण पैसे मोजतो ते तीन गोष्टींचे: तबकड्या, मेंदू आणि ते सगळं पेलणारी चौकट. चित्रात चौकट उठून दिसते. मेंदू कोपऱ्यात असतो. खरं मोल मात्र मेंदूचं आणि तबकड्यांचं. बैल घेताना झूल बघून कुणी घेतो का?

या वाद्याची पिढी तशी जुनी आहे. इंग्लंडातल्या सिमन्स कंपनीचा षट्कोनी तबकड्यांचा संच १९८१ साली आला. त्या तबकड्या इतक्या टणक होत्या, की वाजवणाऱ्यांची मनगटं दुखत. १९८५ साली जपानच्या रोलँड कंपनीनं एकाच पाटावर आठ तबकड्या बसवलेलं वाद्य काढलं. तेच आपलं ऑक्टोपॅड. लग्नाच्या वरातीत, बँजो पार्टीत, ऑर्केस्ट्रात उभ्यानं वाजवतात ते. गंमत अशी, की त्या पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये स्वतःचे आवाज नव्हतेच, ते दुसऱ्या यंत्राकडून घ्यावे लागत. पुढे आवाज आतच आले. १९९७ साली त्याच कंपनीनं जाळीच्या तबकड्यांचा संच आणला. ताणलेल्या जाळीवर कांडी पडते तेव्हा ती चामड्यावर उसळावी तशी उसळते, हाताला त्रास होत नाही आणि खडखड कमी होते. आज बाजारात रबराच्या आणि जाळीच्या अशा दोन्ही तबकड्या मिळतात. शिकणाऱ्या लहान मुलांसाठी जाळीची तबकडी बरी. चार पैसे जास्त पडले तरी मनगटं वाचतात.

आता घ्यायला निघण्याआधी घरीच एक विचार करावा. वाजवणार कोण, आणि कुठे?

भजनी मंडळाला ठेका हवा असेल, तर पायापर्यंतचा पुरा संच त्यांच्या काय कामाचा? त्यांनी मृदंग किंवा तबला घ्यावा. आपल्या जिल्ह्यात पंढरपूर आहे. वारीच्या दिवसांत टाळ-मृदंग घ्यायला वारकरी लांबलांबून तिथं येतात. मृदंगाची पुडी फाटली तर ती नवी चढवून देणारा कारागीर आपल्या वाटेवर आहे, वाजवायच्या वेळी डाव्या तोंडाला लावायची कणीक घरात आहे. विजेच्या मेंदूत बिघाड झाला, तर तो उघडणारा माणूस तालुक्याला सापडेलच असं नाही.

मिरवणुकीसाठी, लेझमीसाठी म्हणाल, तर हलगीला आणि ढोलाला तोड नाही. सोलापूरच्या गणपतीच्या मिरवणुकीत लेझमीचे ताफे तुम्ही पाहिले असतील. हलगी शेकोटीवर शेकली, टिपरू पडलं की निघाली. तिला ना प्लग, ना तार. शिवाय एका संचावर एका वेळी एकच पोर बसतं. त्याच पैशात हलग्या, ढोलक्या आणि लेझमी घेतल्या तर चाळीस पोरं एकदम वाजवतात, नाचतात. शाळेनं हा हिशेब आधी करावा. आम्ही केला नव्हता.

पण मुलांना पाश्चात्त्य पद्धतीचा ड्रम शिकायचा असेल, चारी हातापायांचा ताल बसवायचा असेल, खोली लहान आणि शेजार दाट असेल, तर विजेचा संच उपयोगी. साधा ड्रम वाजला की आळी जागी होते. हा हेडफोनवर वाजवता येतो. एवढं मात्र ध्यानात असू द्या, की पायाच्या ठोक्याचा दणका जमिनीतून जातोच. माडीवर वाजवला तर खालच्या खोलीत धपधप ऐकू येते. खाली जाड सतरंजी किंवा रबराची चटई अंथरावी. आणि फक्त गाण्यांना साथ करायची असेल, सारखं गावोगाव न्यायचं असेल, तर पुऱ्या संचापेक्षा ऑक्टोपॅड सोयीचं. जागा कमी, जोडणी कमी.

विचार पक्का झाला, की एक कागद घ्या आणि त्यावर संचाची किंमत एकटी लिहू नका. खाली ओळीनं लिहा: मेंदू आणि तबकड्या, चौकट, पेडल, स्टूल, कांड्या, अडॅप्टर, तारा, हेडफोन, स्पीकर, वाहतूक. प्रत्येकापुढे ‘आत आहे’ की ‘वेगळं’, हे दुकानदाराकडून लिहून घ्या. तीन दुकानांतून असा कागद भरून आणा आणि मग शेवटच्या बेरजा ताडून बघा. पुष्कळदा असं दिसेल, की वरची किंमत जिथं सर्वांत कमी, तिथं खालची बेरीज सर्वांत मोठी. स्पीकरच्या बाबतीत आणखी एक. घरातल्या टीव्हीच्या किंवा गाणी ऐकायच्या लहान स्पीकरला ड्रम जोडू नका. ड्रमचा ठोका एकाएकी आदळतो. तो न सोसून लहान स्पीकर फाटतो.

आता दुकानात चला. माठासारखं वाजवून घ्यायचं ते इथं. सोबत वाजवणारं पोर न्या, हेडफोन लावा, आणि घाई करू नका.

पहिलं, प्रत्येक तबकडीवर अगदी हळू, मग मध्यम, मग जोरात मारून बघा. आवाज त्याच मानानं वाढला पाहिजे. हळू मारलेलं ऐकूच येत नसेल, तर चकती किंवा मेंदू कच्चा.

दुसरं, मध्यावर मारा आणि कडेला मारा. कडेला आवाज एकदम पडत असेल, तर पोरांच्या हाताला ती तबकडी रोज दगा देईल.

तिसरं, एकदाच मारा आणि मोजा. एका माराला दोन ठोके वाजले, तर दोष.

चौथं, एक तबकडी जोरात मारा आणि शेजारची गप्प आहे ना, ते ऐका. एकीला मारलं आणि दुसरी बोलली, तर मेंदूतल्या मांडणीनं ते दुरुस्त होतं का, हे दुकानदारालाच करून दाखवायला सांगा.

पाचवं, पायाचं पेडल आणि झांजांची उघडझाप करणारं पेडल, दोन्ही शंभर वेळा दाबा. दुकानदार हसला तर हसू द्या.

सहावं, चौकटीचे सांधे हलवून बघा. प्लॅस्टिकचा चिमटा तडकलेला असेल, तर सगळा संच लंगडा.

जुना संच घेणार असाल, तर ही सगळी परीक्षा दुप्पट कसोशीनं करा, आणि अडॅप्टर आधी बघा. आपल्या घरातली वीज साधारण २३० व्होल्टची. जपानात १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०. परदेशातून कुणी आणलेल्या संचाचा अडॅप्टर तिकडच्याच विजेचा असेल, तर आपल्या प्लगात घालताच जळून जाईल. अडॅप्टरवर १०० ते २४० असं लिहिलेलं असेल तर भीती नाही. आणि हरवलेल्या अडॅप्टरच्या जागी हाताला लागेल तो लावू नका. पिनेच्या आत कोणता ध्रुव आणि बाहेर कोणता, हे मेंदूवर आणि अडॅप्टरवर चित्रानं दाखवलेलं असतं. ते जुळलं पाहिजे, व्होल्टचा आकडाही जुळला पाहिजे. उलटं बसलं तर दीडशे रुपयांच्या अडॅप्टरपायी सगळा मेंदू जाईल.

भाव कधी करावा? माझा अनुभव सांगतो. गणपतीच्या तोंडावर आणि लग्नसराईत बँडवाल्यांना वाद्याची निकड असते, तेव्हा दुकानदार ऐकत नाही. हंगाम सरला की तोच दुकानदार खुर्ची पुढे करतो. जुनी वाद्यंही तेव्हाच विकायला निघतात. आणि घासाघीस करताना नुसते पाचशे कमी करा असं म्हणत बसू नका. ‘किंमत तीच ठेवा, पण स्टूल आणि पेडल त्यातच घाला,’ असं म्हणा. दुकानदाराला ते देणं सोपं जातं आणि आपल्या कागदातल्या दोन ओळी कमी होतात.

पावती पक्कीच घ्या. तीवर नग, नंबर, कर आणि हमीची मुदत लिहिलेली हवी. हमी म्हणजे नक्की काय, तेही विचारा. बिघडलं तर माणूस इथं येणार, की खोका बांधून आपणच मुंबईला धाडायचा? धाडायचा तर खर्च कुणाचा? मोबाइलवरून मागवणार असाल, तर परत घ्यायची मुदत किती दिवसांची, हे वाचा, खोका उघडतानाचं चित्रण करून ठेवा आणि मुदत संपायच्या आत वर सांगितलेली सगळी परीक्षा उरका. ‘आज रात्री बारापर्यंत’ अशी लाल अक्षरं दिसली, तर फोन बंद करून झोपा. सकाळी उठल्यावरही ते वाद्य हवंसं वाटलं, तर बघा.

गुरुजींना वेगळं सांगायला नको, पण सांगतो. पैसा लोकांचा आहे. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करा, दरपत्रकं मागवा, वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढवा, आणि हिशेब पालकांना वाचून दाखवा. कमी-जास्त झालं असेल तर तेही सांगा. मी सांगितलं तेव्हा मान खाली गेली खरी, पण उरलेले तेरा हजार सातशे उभे करायला त्याच सभेतले लोक पुढे आले. लपवलं असतं तर पुढच्या वेळी कुणी दहा रुपयेही दिले नसते.

आता कानाची गोष्ट. हेडफोन लावला म्हणजे शेजारी सुखी, पण पोराच्या कानाचं काय? जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की आठवड्याला चाळीस तास ऐकायचं असेल तर मोठ्या माणसांनी सरासरी ८० डेसिबलच्या आणि मुलांनी ७५ डेसिबलच्या आत राहावं. आपल्याजवळ मोजायचं यंत्र नसतं. तेव्हा साधी खूण धरा. हेडफोन लावलेल्या पोराला हातभर अंतरावरून आपण साध्या आवाजात हाक मारली आणि त्याला ती मुळीच ऐकू गेली नाही, तर आवाज कमी करा. अर्ध्या तासानं कानाला विसावा द्या. स्पीकरवर वाजवायचं तर २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. परीक्षेला बसलेलं पोर आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी शेजारीच असते, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

घेतलेलं वाद्य टिकवायचं कसं, ते आपल्या हवेकडे बघून ठरवावं. सोलापूरचा उन्हाळा तुम्ही जाणता, धूळही जाणता. पत्र्याखाली, खिडकीच्या उन्हात संच ठेवू नका. वाजवून झालं की झाका. आम्ही एक जुनी सोलापुरी चादर त्यासाठीच ठेवली आहे. तारा ओढून काढू नका, पिनेला धरून काढा. वळवाचा पाऊस, विजा चमकू लागल्या, की प्लग भिंतीतून काढून ठेवा.

शेवटी आबांच्या प्रश्नाकडे येतो. समदं मिळून पडला कितीला?

त्या वर्षी आम्ही ठरवलं होतं, की संच फक्त स्नेहसंमेलनाला काढायचा. खराब होईल ही भीती. मी खडू घेऊन फळ्यावर हिशेब मांडला. पाच वर्षांत पाच संमेलनं. त्रेचाळीस हजार सातशे भागिले पाच. एका संध्याकाळला आठ हजार सातशे चाळीस रुपये. एवढ्यात बाहेरचा वादक सुखानं आला असता! मग दुसरा हिशेब मांडला. रोज शाळा सुटल्यावर दोन तास संच उघडा ठेवायचा, वर्षाला दोनशे दिवस, पाच वर्षं. झाले दोन हजार तास. तासाला सुमारे बावीस रुपये.

वाद्य तेच आणि पैसे तेच. कुलुपात ठेवलं तर महाग, पोरांच्या हाती दिलं तर स्वस्त. दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर पाळ्या लावल्या. एका पोरीची पाळी बुधवारी असे. तिचं घर लांब वस्तीवर, तरी बुधवार तिनं कधी चुकवला नाही. ड्रम नसेल त्या दिवशी ती बाकावर दोन पेन्सिलींनी ठेका धरी. पुढच्या स्नेहसंमेलनात सगळ्या गाण्यांना साथ तिनं केली. बाहेरचा वादक बोलवावा लागला नाही.

कार्यक्रम संपल्यावर आबा भेटले. मी म्हटलं, ‘आबा, तासाला बावीस रुपये पडला.’

आबा म्हणाले, ‘मग पोरास्नी अजून वाजवू द्या, म्हंजे वीसवर यील.’

तर मंडळी, वाद्य घ्यायचं असेल तर कागद करा, तीन दुकानं फिरा, वाजवून बघा, पावती घ्या. आणि घरी आणल्यावर त्याला कुलूप लावू नका.

राम राम.